लाक्षारस आणि नाणेघाटाखालील अरण्य

शहापूर व मुरबाड हे ठाणें जिल्ह्याचे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं असून तेथील रानांत पळस, बोर व कोशिंब हे वृक्ष आढळतात. लाखेचा किडा पोसला जातो तो मुख्यतः याच वृक्षांवर. त्याचीं पिलें कोवळ्या फांदीस चिकटून रस शोषितात व अंगाभोंवतीं राळेसारखें वेष्टन निर्माण करितात. हें वेष्टन म्हणजे लाख. तांबडा रंग मात्र किड्याच्या शरीरांत असतो. काडीवरची लाख कुटून धुतली म्हणजे तो पाण्यांत उतरतो, व तुरटीच्या योगानें रेशमावर आणि लोंकरीवर पक्का बसतो.

या द्रव्याची प्राचीनता निर्विवाद आहे. अथर्ववेदाच्या ५ व्या कांडांतील ५ वें सूक्त लाक्षेस उद्देशून असून, तींत प्लक्ष, अश्वत्थ, खदिर, धव, न्यग्रोध व पर्ण म्हणजे पळस, हीं तिचीं स्थानें सांगितलीं आहेत. लाखेनें रंगविलेल्या वस्त्रास 'लाक्षिक' म्हणावें, यासाठीं पाणिनीनें सूत्र घातलें. अमरकोशांत तिला 'द्रुमामय', म्हणजे झाडाचा रोग, असेंही नांव आहे. उलट फारशी भाषेनें किड्याकडे पाहिलें. 'किर्म' म्हणजे कृमि, आणि त्याच कुळांतील 'किरमिजी' हा शब्द आपण आजही वापरतों. 'अळिता' हा तर 'अलक्तक' शब्दाचाच अपभ्रंश होय.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत, अरिआके प्रांतांतून तांबड्या समुद्रावरील अदुली बंदराकडे जाणाऱ्या मालांत लाखेच्या रंगाचा उल्लेख आहे. कल्याणहून जुन्नरास जाणारा प्राचीन मार्ग मुरबाडांतून नाणेघाट चढतो. यावरून येथील लाख कल्याणास उतरून परदेशीं गेली, असें विधान करण्याचा मोह होतो. परंतु त्याच ग्रंथांत कल्याणचा व्यापार त्या काळीं अडविला गेल्याचें नमूद आहे. म्हणून ग्रंथाधारें अरिआके प्रांत एवढेंच म्हणावें, हें उचित.

१८५६ सालीं पर्किन यानें पहिला कृत्रिम रंग केला व १८६९ च्या सुमारास कृत्रिम अलिझरीनचा मार्ग खुला झाला. तेव्हांपासून लाक्षारसाची मागणी खालावली. राळेस मात्र मोल राहिलें. पूर्वीं ज्यासाठीं लाख धूत असत, तें तांबडें पाणी फेंकून देण्याजोगें ठरलें.

यापुढील प्रश्न केवळ कोशाचा नव्हे. १९२७ च्या वन कायद्यानें लाख ही रानांतील असो वा नसो, वनोपज ठरविली. आणि वनोपजाच्या मालकीचा वाद निघाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत ती सरकारची मानावी, असें कलम ६९ मध्यें घातलें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें हा न्याय फिरविला. गौण वनोपजांत लाखेचें नांव स्पष्ट घालून, परंपरेनें गोळा होत आलेल्या अशा उपजावरील मालकी रानांत राहणाऱ्यांस दिली. ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांची वस्ती असलेल्या या तालुक्यांत 'परंपरेनें' या एका शब्दावर बरेंच अवलंबून आहे. २००८ च्या नियमांनीं पुराव्यांत गॅझेटिअरसारखीं सरकारी कागदपत्रें आणि वृद्धांचे लेखी जबाब, हीं दोन्हीं ग्राह्य धरलीं आहेत. म्हणून संशोधकांनीं दप्तरांइतकेंच पाड्यांवरील वृद्धांच्या स्मरणाकडेही लक्ष द्यावें. ताम्रपट शंभर वर्षांनींही वाचतां येईल. हे जबाब मात्र आजच उतरवून घेतले पाहिजेत.