होगेवाइकची वसाहत

आम्स्टरडॅमनजीकच्या वेस्प या जुन्या गावी, स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या वृद्धांसाठी 2009 साली जी होगेवाइक नावाची वसाहत उभी राहिली, तिचे मूळ शोधू गेल्यास ते पूर्वीच्या एका बहुमजली शुश्रूषागृहात सापडते, जेथे सारा कारभार रुग्णालयाच्या शिस्तीबरहुकूम चाले. 1992च्या सुमारास तेथील व्यवस्थापिका इव्होन व्हान आमेरोंगेन आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे असा प्रश्न उभा राहिला, की आपल्याच मातापित्यांना आपण येथे ठेवू काय; आणि उत्तर नकारार्थी आल्यामुळे प्रथम जुन्याच इमारतीत लहान कुटुंबांसारखे गट पाडण्यात आले.

पुढे बांधलेल्या तेवीस घरांत प्रत्येकी सहा-सात रहिवासी, पूर्वायुष्यातील राहणीच्या साधर्म्यानुसार, एकत्र राहू लागले. त्यांत डच अंमलाखालील इंडोनेशियाशी ज्यांचे आयुष्य जोडलेले होते, त्यांच्यासाठीही निराळी घरे होती, आणि तेथील स्वयंपाक त्या बेटांच्या वळणाचा असे. साम्राज्य लयास गेले तरी त्याची चव जिभेवर टिकून राहते, हा इतिहासाचा विलक्षण न्यायच म्हणावा लागेल!

वसाहतीत दुकान, उपाहारगृह, नाट्यगृह, चौक असे सर्व काही आहे. मात्र बाहेर पडण्याचा दरवाजा बंदोबस्तात असतो. ही सारी गोड फसवणूक आहे, असा आक्षेप काही टीकाकारांनी घेतला. मला तो पुरता पटत नाही, कारण तेथले झाड, पाऊस आणि शिजणारे अन्न तरी खरेच असते. खर्चाचा मोठा भार मात्र सरकारी खजिन्याने उचलला, ही गोष्ट अनुकरणोत्सुकांनी सहसा ध्यानात घेतलेली नसते.