मोजणारा कोण?

‘इंजिनिअर ना तू? मग सांग, इथला मासा खायचा की नाही?’ घिवलीत एका मावशींनी मला विचारलं. शेजारचं तारापूर अणुवीज केंद्र १९६९पासून वीज देतंय. व्हॉट्सॲपवर भीतीचे फॉरवर्ड फिरतात, सरकारी अहवाल म्हणतात ‘मर्यादेच्या आत’. खरं कुणाचं?

मी जुनं वाचायला घेतलं. इथलं पाणी, मासे तपासणारी प्रयोगशाळा भाभा अणुसंशोधन केंद्राची, म्हणजे अणुऊर्जा विभागाचीच. १९६२च्या कायद्यानं सरकारला अणुविषयक माहिती गुप्त ठेवायची मुभा दिली. १९८३ साली नियामक मंडळ आलं, तेही अणुऊर्जा आयोगाच्या हाताखाली. २०१२ साली ‘कॅग’नं नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

आमच्या कामात स्वतःचा कोड स्वतः पास करत नाहीत. माणूस खोटा असतो म्हणून नव्हे. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही म्हणून.

मग अहवाल खोटे? तसा पुरावा माझ्याकडे नाही. आणि फॉरवर्डमागे तर मोजणाराच नसतो. अहवालात निदान आकडा असतो, तो पुन्हा मोजून तपासता येतो.

मावशींना म्हणालो, ‘फॉरवर्डपेक्षा अहवाल बरा. पण बाहेरच्या कुणीतरी तो पडताळायला हवा.’

‘मग पडताळा की,’ त्या म्हणाल्या.