ठासणीची जुनी दुनळी बंदूक: तिची खरी किंमत कशी ओळखायची?

ज्वारी-मका भरात आला की सातपुड्याच्या डोंगरउतारावरच्या शेतांना राखण लागते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक आडवं करतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्यासारख्या भागात ठासणीच्या बंदुकीचा विषय निघतो तो याच राखणीमुळे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे.

पण अशी जुनी बंदूक कोणी विकायला काढली, तर ती चांगली की नुसतं भंगार, हे कसं ठरवायचं?

ठासणीची बंदूक म्हणजे काय?

या बंदुकीत काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू, मग बोळा, मग छर्रे घालायचे आणि गजाने ठासायचे. नळीच्या मागच्या टोकाला निपल असतं, त्यावर छोटी केप बसवतात. चाप ओढला की घोडा केपवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो. दुनळीत हे सगळं दोनदा असतं: दोन नळ्या, दोन घोडे, दोन चाप.

आधी कागद बघा

बंदूक कितीही देखणी असली तरी विकणारा आणि घेणारा या दोघांचीही कागदपत्रं नीट नसतील, तर व्यवहार होऊच शकत नाही. ‘जुनी आहे, परवाना कशाला?’ हा समज महागात पडतो. कायद्यातून सुटका फक्त अशा जुन्या शस्त्राला आहे, जे दुरुस्त करूनही चालवता येणार नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २ ते ५ वर्षं कैद होऊ शकते.

परवानाधारकाला आपली बंदूक विकायची असेल तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. बंदुकीवरचा क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक जुळवून पाहा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर धुळे जिल्ह्याचं नाव दिसणं साहजिक आहे.

बंदूक भरलेली तर नाही ना?

ठासणीची बंदूक वर्षानुवर्षं भरलेलीच पडून असू शकते आणि ते बाहेरून कळत नाही. त्यामुळे पहिली तपासणी गजाने करायची. निपलवर केप नाही हे आधी बघा. नळीचं तोंड स्वतःकडे किंवा कोणाकडेही न ठेवता गज हळूच आत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहा. तो जवळपास निपलपर्यंत पोहोचला पाहिजे. बराच अलीकडे थांबला, तर आत काहीतरी आहे. ते स्वतः काढायला जाऊ नका, जाणत्या कारागिराकडे द्या. दोन्ही नळ्या वेगवेगळ्या तपासा.

खरी परीक्षा नळीची

नळी आतून उजेडात पाहा. हलका गंज चालतो, खोल खड्डे चालत नाहीत. सर्वाधिक खड्डे पडतात ते मागच्या टोकाला, कारण काळ्या दारूची राख ओलावा धरते आणि स्फोटाचा दाबही तिथेच जास्त असतो. बाहेरून बोट फिरवा. कुठे फुगवटा लागला, तर नळी कधीतरी फाटता फाटता वाचलेली आहे.

दोन नळ्या मधल्या पट्टीने डाखलेल्या असतात. नळ्या दस्त्यापासून सोडवून, टांगून हलकी टिचकी मारा. बाजारात मडकं वाजवून घेतो तसंच हे आहे. खणखणीत आवाज आला तर जोड शाबूत, बद्द आला तर जोड सुटला असण्याची शक्यता.

नळीवर लहरींसारखी नक्षी दिसली, तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली असू शकते. ती देखणी असते, पण आत लपलेला गंज दिसत नाही. ठासणीच्या कोणत्याही बंदुकीत काडतुसातली आधुनिक दारू कधीही घालू नये, नळी फुटू शकते.

घोडा, निपल आणि दस्ता

घोडा अर्धा ओढल्यावर अडकला पाहिजे आणि चाप दाबला तरी सुटता कामा नये. सुटत असेल तर बंदूक धोकादायक आहे. निपलचं भोक झिजून मोठं झालं असेल, तर जाळ मागे येतो. निपल बदलता येतं, पण त्याचे आटे खराब असतील तर खर्च वाढतो. दस्त्याला मनगटाइतक्या बारीक जागी चीर पडते, तिथे तारेने बांधलं आहे का ते पाहा.

किंमत कशावर ठरते?

चालवायच्या बंदुकीची किंमत नळी आणि घोड्यावर ठरते, संग्रहातल्या बंदुकीची कारागिरावर आणि मूळपणावर. नळ्यांच्या खालच्या बाजूला शिक्के शोधा. बेल्जियममधल्या लीजच्या चाचणीगृहाचा शिक्का म्हणजे अंडाकृती चौकटीत ईएलजी ही अक्षरं. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेल्या बंदुकीचे शिक्के पुसट होतात आणि संग्राहकाच्या लेखी तिची किंमत उतरते.

घरात वारशाने आली असेल तर?

परवानाधारक वारला की बंदूक आपोआप मुलांची होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात, वारशाची धरून.

आणि पिकासाठी परवाना मिळाला म्हणजे रानडुक्कर मारायची मोकळीक मिळाली, असं नाही. त्यासाठी वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वेगळी परवानगी लागते.