सुश्रुताची अंत्रवृद्धि आणि अंतर्गळाचे प्रकार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत, बाराव्या अध्यायांत, वृद्धिरोगाचे ७ प्रकार सांगितले आहेत. त्यांतील अंत्रवृद्धि म्हणजेच आपल्याकडील अंतर्गळ. भार वाहणें, बलवानाशीं झुंजणें, झाडावरून पडणें इत्यादि कारणांनीं आंतडें खालीं उतरून वंक्षणसंधींत गांठीसारखें राहतें. उपेक्षा झाल्यास कालांतरानें अंडकोशांत शिरतें. दाबल्यास आवाज करीत वर जातें व सोडतांच पुन्हां फुगतें, असें तेथील वर्णन आहे.

एवढ्यावरून आधुनिक भेदही सुश्रुतास ठाऊक होते, असें कित्येक अभिमानी प्रतिपादितात. आम्हांस तें मान्य नाहीं. आधुनिक भेद मार्गावरून केले आहेत. जर्मन शरीरशास्त्रज्ञ हेसेलबाख (१७५९–१८१६) याच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्रिकोणांतून, उदरभित्तीच्या रक्तवाहिनीच्या आंतील बाजूनें, जो बाहेर येतो तो सरळ. तिच्या बाहेरील बाजूनें वंक्षणनलिकेंत शिरतो तो तिरकस. आणि वंक्षणबंधाखालून मांडींत उतरतो तो और्व अंतर्गळ.

सुश्रुताचा भेद अवस्थेवरून आहे. आंतडें कोशांत पोंचलें नसेल तर अर्धचंद्रमुखी शलाकेनें जांघेंत डाग देऊन मार्ग रोखावा. पोंचलें असल्यास रोगी वर्ज्य करावा, असें चिकित्सास्थान सांगतें. आंतडें उतरण्यास मार्ग आहे व तो बंद करावयास हवा, हें त्यानें ओळखलें. मार्ग अनेक आहेत, असें येथें कोठेंही म्हटलेलें नाहीं. विलंब घातक, हें मात्र त्यानें निःसंदिग्धपणें सांगितलें, आणि तें आजही खरें आहे. न केलेल्या कार्याचें श्रेय पूर्वजांस देऊं गेल्यास केलेलें कार्यच झांकलें जातें.