परवलीवाचून प्रवेश

मुंबईच्या उपनगरांत एका संस्थेचा संगणक दुसरीच्या संगणकाशी बोलू लागला तो १९८६-८७ च्या सुमारास. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, जे पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाले, आणि पवईची आय. आय. टी. यांच्यामध्ये 'अर्नेट' योजनेखाली टेलिफोनच्या तारेवरून टपाल जाऊ-येऊ लागले. त्या काळी जगभर अशा जाळ्यांत वावरणारी मंडळी थोडी, विद्याव्यासंगी आणि बहुधा परस्परांच्या ओळखीची असत. या घरोब्यातूनच पाश्चात्त्य विद्यापीठांत एक रूढी बळावली. तिचा इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाने १९८३ साली प्रसृत केलेल्या युनिक्सच्या आवृत्तीत 'आर-लॉगिन' नावाची सोय होती. आपल्या यंत्रावर विश्वासू यंत्रांची यादी ठेवावयाची. तेथून कोणी आल्यास त्यास परवलीचा शब्द विचारावयाचा नाही. ही सोय केवळ आळसापोटी निघाली असे मात्र नव्हे. परवलीचा शब्द तेव्हा तारेवरून उघडाच जात असे. तो न पाठविणेच बरे, या म्हणण्यात तथ्य होते.

परंतु या व्यवस्थेत दोन दोष होते. पहिला असा की, येणारा जे नाव सांगेल तेच खरे मानले जाई. खोट्या पत्त्याने अशा यंत्रात कसे शिरता येते, हे रॉबर्ट मॉरिस या तरुणाने १९८५ सालीच बेल प्रयोगशाळेच्या निबंधात दाखविले होते. दुसरा दोष असा की, एक घर फुटले म्हणजे त्यावर विसंबलेली सारी घरे फुटत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी त्याच मॉरिसने सोडलेल्या 'वर्म'ने इतर छिद्रांबरोबर या याद्यांचाही उपयोग केला. जाळ्यातील सुमारे ६०,००० यंत्रांपैकी ६,००० ग्रासली गेली, असा तेव्हाचा अंदाज होता. इतके होऊनही रूढी सुटली नाही. २५ डिसेंबर १९९४ रोजी सुतोमु शिमोमुरा या संशोधकाच्या यंत्रात चोर शिरला, तो निबंधात नऊ वर्षांपूर्वी वर्णिलेल्या वाटेनेच.

१९९५ साली फिनलंडच्या टाटू युल्योनेन यांनी 'एस. एस. एच.' रचले. त्यात नावाऐवजी गुप्त किल्लीचा पुरावा मागितला जातो आणि संभाषणही सांकेतिक लिपीत चालते. आमच्या जुन्या राज्यकर्त्यांस हे तत्त्व अपरिचित नव्हते. पत्राचा मजकूर संपताच ते मोर्तब उमटवीत, ते त्याखाली कोणी वाढीव ओळ लिहू नये म्हणून. लेखकाच्या थोरवीवर भिस्त ठेवून ते थांबत नसत.

तथापि किल्लीनेही काम संपत नाही. ती कुलपाविना यंत्रावर पडून राहिली आणि तिने दहा यंत्रे उघडत असली, तर जुनाच दोष नव्या वेषात परत येतो. जुहू-पवईचे ते पहिले जाळे मोजक्या परिचितांचे होते. आज अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कचेऱ्यांतील यंत्रे अगणित अपरिचितांच्या शेजारी उभी आहेत. परिचय सरला तरी परिचयाच्या काळातील रूढी मागे उरतात, आणि धोका नेमका तेथेच असतो.