कुंदगोळची गाडी

इंग्रजी अमदानीतल्या बायकोचा दिनक्रम, तिच्या घरच्या काळज्या हा विषय निघाला की आपण रमाबाई रानड्यांच्या १९१० सालच्या आठवणी काढतो, नाही तर ‘स्मृतिचित्रे’. हुबळीच्या गायिका गंगूबाई हनगलांचं नाव तिथे कुणी घेत नाही. त्या ‘साधने’च्या खात्यावर जमा. गाण्यासाठी त्यांनी संसार बाजूला सारला, असं रसिक कौतुकाने सांगतात. हे कौतुकच मला पटत नाही.

पुरावा म्हणून सांगितली जाते ती कुंदगोळची गाडी. तीच नीट पाहू. गंगूबाई कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे गाणं शिकायला जायच्या. त्याच सुमारास तिथे भीमसेन जोशीही शिकत होते. पण ते गुरूच्या घरी राहून, पाणी भरून. गंगूबाई मात्र वीसेक किलोमीटरवरच्या हुबळीहून रेल्वेने जायच्या आणि रात्री परतायच्या. का? १९२९ मध्ये, सोळाव्या वर्षी, वकील गुरुराव कौलगींशी त्यांचं लग्न झालं होतं. पदरी मुलं होती. मुलीचा कान हिंदुस्तानी गाण्याला लागावा म्हणून स्वतःचं कर्नाटकी गाणं सोडणारी आई, अंबाबाई, १९३२ मध्येच गेली होती. भीमसेन त्यांना स्टेशनापर्यंत सोबत करायचे. वाटेत आजच्या तालमीची उजळणी. ते परत गुरुगृही जायचे, या हुबळीच्या गाडीत बसायच्या. संसार बाजूला सारला असता तर परतीच्या गाडीचं काम काय होतं?

कुणी म्हणेल, गाणाऱ्या घराण्यातल्या बाईचा ब्राह्मण वकिलाबरोबरचा संसार ‘गृहिणी’च्या व्याख्येत कसा बसवायचा? मुलांनी तर आडनावही हनगलच लावलं. मान्य. पण मग व्याख्याच तोकडी आहे. रमाबाईंच्या घरात पगार न्यायमूर्ती नवऱ्याचा यायचा, म्हणून तिथलं घरकाम आणि मिळकत वेगळी दिसते. गंगूबाईंच्या घराचा भार मुख्यतः त्यांच्याच गळ्यावर. मुंबईत ‘गांधारी’ नावाने ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांत मराठी भावगीतंही होती. त्या बिदागीकडे आपण ‘कला’ म्हणून पाहतो. तिच्यावर घर चालत होतं, हा हिशेब कुणी मांडत नाही.

आणि ज्या मुलांपायी परतीची गाडी धरायची, त्यांतली कृष्णा पुढे आईच्या मैफलीत साथीला बसून गात राहिली. २००४ मध्ये ती गेली, तोवर.