पडद्यावरच्या हजेरीपटाचा मालक कोण?



मोबाइलवर गाणं सुरू केलं की कोपऱ्यात एक लहानसं चिन्ह दिसतं. ते दाबलं की यादी उघडते: हॉलमधला टीव्ही, स्वयंपाकघरातला स्पीकर. घरच्या नेटवर्कवर या क्षणी कोण हजर आहे, त्याचा हा हजेरीपट. त्यावरून अमेरिकेत कोट्यवधी डॉलरचे खटले झाले. त्यातल्या एकाची गोष्ट आज सांगतो.

हजेरी घेण्याचं तंत्र खुलं आहे. ॲपलने 2002 मध्ये ते 'रॉन्देव्हू' नावाने आणलं, नावावरून वाद झाल्यावर 2005 मध्ये त्याचं 'बाँजूर' केलं. उपकरण स्वतःच नेटवर्कवर हाक देतं, 'मी इथे आहे'. 2013 मध्ये हे तंत्र इंटरनेटचं मानक म्हणून प्रसिद्ध झालं. मग भांडण कशाचं? यादी दिसल्यावर तिचं काय करता येतं, याचं.

कॅलिफोर्नियातली सोनोस ही कंपनी 2002 मध्ये स्थापन झाली. घरभर एकाच वेळी गाणं वाजवणारे स्पीकर हा तिचा धंदा. जानेवारी 2020 मध्ये तिने गूगलवर दावा ठोकला. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने पाच पेटंटांचा भंग झाल्याचा निर्णय दिला. गूगलने गटाचा आवाज एकत्र कमी-जास्त करण्याची सोय काढून घेतली. पैसे मोजून स्पीकर घेतलेल्या ग्राहकाला मात्र कोणी विचारलं नाही.

दुसरा खटला सॅन फ्रान्सिस्कोत चालला. एकच स्पीकर अनेक गटांत ठेवायचा आणि ते गट नावाने जपून ठेवायचे, ही कल्पना कोणाची? मे 2023 मध्ये ज्यूरीने सोनोसला 3 कोटी 25 लाख डॉलर मंजूर केले. ऑक्टोबरमध्ये न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी तो निकाल फिरवला. मूळ अर्ज 2006 चा, पण हे दावे मांडले 2019 मध्ये, आणि तोवर गूगलची उत्पादनं बाजारात होती. अमेरिकेत जुन्या अर्जातून नवे दावे काढता येतात. पण इतका उशीर चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ऑगस्ट 2025 मध्ये अपील न्यायालयाने तेही उलटवलं: उशिरामुळे गूगलचं नुकसान झाल्याचं सिद्ध झालेलं नाही.

मला विचाराल तर पेटंट हा एक सौदा आहे. शोध जगाला उघड सांगा, बदल्यात काही वर्षं मक्तेदारी घ्या. पण कुंपण कुठवर आहे हे तेरा वर्षांनी कळणार असेल, तर शेजाऱ्याने घर कुठे बांधायचं?

भारतात पेटंट कायद्याच्या कलम 3(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही. 2004 च्या वटहुकमाने ते सैल केलं होतं, संसदेने 2005 मध्ये ती सवलत वगळली. 'निव्वळ' या शब्दावरचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. त्याबद्दल पुढच्या भागात बोलू.